चावी हातात, कीबोर्ड मुका

साशंक : चावी माझ्याकडे आहे आणि तरीही कुलूप मलाच उघडता येत नाही, असं का व्हावं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज ११ चं त्या महिन्याचं सुरक्षा अपडेट आलं, केबी५०६६८३५. ते बसवलेल्या मशीनवर रोजचं काम सुरळीत चालू होतं. पत्रं टाइप होत होती, माउस फिरत होता. पण काही कारणाने मशीन रिकव्हरीच्या पडद्यावर गेलं, की यूएसबीला जोडलेला कीबोर्ड बंद आणि माउसही बंद. पडदा म्हणतो, पर्याय निवडा. निवडायचा कशाने? डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्यापुढे चावीचे अठ्ठेचाळीस आकडे भरायचे असतात. आकडे कागदावर लिहून समोर ठेवलेत, पडद्यावर रकाना दिसतोय, आणि एकही आकडा आत जात नाही. असं मशीन दुरुस्तीच्या टेबलावर येतं तेव्हा मालकाने काहीही चुकीचं केलेलं नसतं. अपडेट लावा म्हणून सगळे सांगतात, त्याने लावलं. चावी जपून ठेवा म्हणतात, त्याने ठेवली.

समर्थक : तो दोष खरा होता. मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला आणि २० ऑक्टोबरला तातडीचं वेगळं अपडेट दिलं, केबी५०७०७७३. पण त्याचा ठपका एन्क्रिप्शनवर ठेवण्याआधी कीबोर्ड नेमका कुठे बंद पडला ते पाहू. मशीन चालू केल्यापासून विंडोज उघडेपर्यंत कीबोर्डचं ऐकणारं सॉफ्टवेअर बदलत जातं. सुरुवातीला ऐकतं ते फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने अजून बायोस म्हणतो. बिटलॉकरची चावी मागणारा सुरुवातीचा निळा पडदा विंडोजच्या बूट मॅनेजरचा असतो, पण बटणं वाचायला तो फर्मवेअरचाच आधार घेतो. रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट मात्र वेगळं आहे. ते छोटं, स्वतंत्र विंडोज असतं, त्याची फाइल वेगळी, त्यातले यूएसबीचे ड्रायव्हर वेगळे. आणि रोजचं विंडोज तिसरं. ऑक्टोबरमध्ये बिघडलं ते फक्त मधलं. म्हणून तोच कीबोर्ड बायोसमध्ये चालला, विंडोजमध्ये चालला आणि रिकव्हरीत मुका झाला. ‘कीबोर्ड चालत नाही’ असा फोन आला की मी आधी विचारतो, कोणत्या पडद्यावर? उत्तर मिळालं की अर्धं निदान झालं.

साशंक : तुमच्या दृष्टीने ही तीन सॉफ्टवेअर आहेत, मालकाच्या दृष्टीने एक कीबोर्ड आहे. तरी निदानाचंच म्हणता तर मी कसं करते ते सांगते, कारण माझी तक्रार त्यातूनच निघते. मी आधी कॅप्स लॉक दाबते. तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. बटण दाबल्याची खबर मशीनला जाते आणि मशीन उलट सांगतं, दिवा लाव. म्हणजे दिवा बदलला तर पलीकडे कोणीतरी ऐकतंय. नाही बदलला तर बहुधा ऐकत नाही. मग डॉकिंग स्टेशन काढते, हब काढते, वायरलेस डाँगल काढते आणि साधा वायरचा कीबोर्ड डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावते. जमलं तर यूएसबी २ च्या पोर्टात. मग बायोसमध्ये शिरून फास्ट बूट बंद करते, कारण सुरुवात झटपट व्हावी म्हणून काही मशीन त्या टप्प्यावर यूएसबीची उपकरणं जागी करतच नाहीत. यातली गोची पाहा : बायोसमध्ये शिरायलासुद्धा कीबोर्डच लागतो. कधी पॉवरची वायर काढून पूर्ण थंड सुरुवात करावी लागते, कधी सतत रीस्टार्ट करत योग्य क्षणी बटण दाबत राहावं लागतं. गेमिंगचा कीबोर्ड असेल तर त्याच्या मागे बायोस मोडचं बटण आहे का ते शोधते. काही वेळा तर एवढंच असतं, की माणूस बाजूच्या नंबर पॅडवर आकडे दाबतोय आणि नम लॉक बंद आहे. हे सगळं मला येतं, कारण माझा तो धंदा आहे. ज्याच्या घरी एकच मशीन आहे त्याला यातलं काहीही पडदा सांगत नाही. ‘कीबोर्ड सापडला नाही’ एवढं साधं वाक्यसुद्धा तिथे येत नाही.

समर्थक : ते वाक्य यायला हवं, यात वादच नाही. पण गेमिंग कीबोर्डचं तुम्ही बोललात त्यावर थोडं थांबू. यूएसबी कीबोर्डसाठी ‘बूट प्रोटोकॉल’ नावाची एक जुनी, अगदी साधी बोली ठरलेली आहे. आठ बाइटचा एक निरोप : पहिल्या बाइटात शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत एकावेळी दाबलेली जास्तीत जास्त सहा बटणं. फर्मवेअरला पूर्ण ड्रायव्हर सांभाळणं झेपत नाही, म्हणून त्याने एवढंच समजून घ्यायचं आणि कीबोर्डनेही त्याच्याशी एवढंच बोलायचं, असा तो करार आहे. रंगीत दिवे आणि वाटेल तेवढी बटणं एकदम दाबायची सोय असलेला कीबोर्ड ही साधी बोली नीट पाळत नाही, तेव्हा तो सुरुवातीच्या पडद्यावर गप्प राहतो. सांगायचं ते असं, की ज्यांनी हा पाया घातला त्यांनी अडलेल्या माणसाचा विचार केला होता. बिटलॉकरचे ते अठ्ठेचाळीस आकडेच घ्या. सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला अकराने नि:शेष भाग जातो. भाग दिल्यावर उरतो तो सोळा बिटांत मावणारा आकडा, असे आठ मिळून एकशे अठ्ठावीस बिटांची चावी. अकराचा भाग मुद्दाम ठेवलाय. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की भाग जात नाही आणि त्या गटाची चूक तिथल्या तिथे कळते. रात्री दोन वाजता फोनवरून कोणी आकडे सांगतंय आणि दुसरा टाइप करतोय, अशी वेळ डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे सुचत नाही. आकड्यांच्या ओळीऐवजी एफ१ ते एफ१० वापरायची सोयही त्या पडद्यावर आहे, शून्यासाठी एफ१०. फ्रेंच कीबोर्डवर आकड्यांसाठी शिफ्ट दाबावी लागते, पण एफची ओळ कुठेही तीच.

साशंक : अकराची गोष्ट मला आवडली आणि तिचा उपयोग मी रोज करीन. पण बघा, चावी चुकीची टाइप झाली तर काय, याचा एवढा बारकाईने विचार झाला. टाइपच करता आली नाही तर काय, याचा झाला का? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय अवघ्या काही मिनिटांचा होता : सेफ मोडमध्ये जा, ती फाइल पुसा. पण ज्या कंपन्यांनी शिस्तीने सगळ्या डिस्क एन्क्रिप्ट केल्या होत्या, त्यांच्या माणसांना प्रत्येक मशीनपुढे बसून आधी अठ्ठेचाळीस आकडे भरावे लागले. ज्यांनी सुरक्षेचे नियम जास्त काटेकोर पाळले, त्यांचीच सुटका उशिरा झाली.

समर्थक : त्याच दिवसांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या एका फर्मच्या तंत्रज्ञांनी चाव्यांचे बारकोड केले, पडद्यावर दाखवले आणि दुकानात वापरतात तसल्या बारकोड स्कॅनरने अडकलेल्या मशीनमध्ये भरले. स्कॅनर यूएसबीला लावला की तो मशीनला कीबोर्ड म्हणूनच दिसतो, आकडे टाइप केल्यासारखे आत जातात. वाट मोकळी असली तर तिच्यावरून कल्पक माणूस भराभर जाऊ शकतो. आणि कीबोर्डशिवायचीही वाट आहे. मशीन धड असतानाच चावीची फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवता येते. बूट मॅनेजर चावी मागतो तेव्हा तो पेनड्राइव्ह लावून मशीन पुन्हा सुरू केलं की एकही बटण न दाबता डिस्क उघडते. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवला तर अर्थात सगळंच फुकट.

साशंक : तो पेनड्राइव्ह चावी मागणाऱ्या निळ्या पडद्यापुरता. ऑक्टोबरमध्ये अडकलेला माणूस त्याच्या पुढच्या खोलीत होता, रिकव्हरीत, आणि तिथे त्याला मेनूच हलवता येत नव्हता. त्याच्यापुढे काय उरलं? टचस्क्रीन असली तर बोट. जुना डेस्कटॉप असला तर मागचं ते गोल पीएस/२ भोक. पीएस/२ कीबोर्ड यूएसबीच्या भानगडीत येतच नाही, म्हणून तो त्या आठवड्यातही चालला. नाहीतर आधी करून ठेवलेला रिकव्हरीचा पेनड्राइव्ह. आणि दुरुस्तीचं अपडेट कुठून यायचं? विंडोज अपडेटमधून. म्हणजे ज्याचं विंडोज उघडतंय, त्याला औषध मिळालं. ज्याचं उघडत नव्हतं, त्याच्यापर्यंत ते पोचणारच नव्हतं. भरीस भर, त्याच १४ तारखेनंतरच्या अपडेटांमुळे इंटेलच्या काही मशीनवर रीस्टार्टनंतर बिटलॉकर एकदा चावी मागू लागला, हेही मायक्रोसॉफ्टनेच पुढे सांगितलं. आणि त्याच दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे कितीतरी लोक नुकतेच ११ वर आले होते. माझा खरा आक्षेप इथे आहे. संकटातून सुटायची वाट आणि संकट आणू शकणारी वस्तू एकाच गठ्ठ्यातून, एकाच दिवशी येते. मग ती सुटकेची वाट कसली? रिकव्हरीला कोणी हातच का लावावा? एकदा नीट चालली की तिला तशीच राहू द्यावी.

समर्थक : हे ऐकायला पटतं, आणि मीही कधीकाळी असंच मानत होतो. पण रिकव्हरीला हात न लावण्याची किंमत काय ते बघा. बिटलॉकरच्या जगात रिकव्हरीला एक खास सवलत आहे : सुरू न होणारं मशीन तिला आपोआप दुरुस्त करता यावं, म्हणून काही परिस्थितींत ती चावी न मागता एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडू शकते. चोराला याहून चांगली जागा कोणती? २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच सुरक्षा संशोधकांनी रिकव्हरीतून बिटलॉकरला वळसा घालायचे मार्ग शोधून दाखवले. त्या कामाचं नाव ‘बिटअनलॉकर’. त्यातल्या चार त्रुटी जुलै २०२५ च्या अपडेटमध्ये बुजवल्या. त्याआधी जानेवारी २०२४ मध्येही अशीच एक त्रुटी बुजवायला रिकव्हरीचं अपडेट आलं होतं. पुष्कळ मशीनवर ते बसेचना, कारण रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये जागा नव्हती. अडीचशे एमबी वाढवा म्हणून मायक्रोसॉफ्टला लोकांना हाताने पार्टिशन बदलायच्या सूचना द्याव्या लागल्या. तुमचं ‘तशीच राहू द्या’ म्हणजे चोरासाठी माहितीतली, जगजाहीर झालेली खिंड उघडी ठेवणं. रिकव्हरी बदलत राहिली तरच ती बंदिस्त राहते. आणि बदलत राहिली की कधीतरी एखादा ड्रायव्हर सुटणार.

साशंक : मग लिनक्सवाल्यांकडून एक गोष्ट घ्या. तिथेही हा कीबोर्डचा घोळ आहेच. डिस्क तिथल्या लक्सने एन्क्रिप्ट केलेली, सुरुवातीची छोटी प्रतिमा बनवताना मशीनला जे जोडलेलं असेल तेवढ्याचेच ड्रायव्हर तिच्यात घातले गेलेले. नंतर लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड लावला, तर पासफ्रेज मागणाऱ्या पडद्याला तो दिसत नाही. आर्च लिनक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, की कीबोर्डची पायरी ‘ऑटोडिटेक्ट’च्या आधी ठेवा, म्हणजे सगळ्या कीबोर्डांचे ड्रायव्हर आत येतील. पण मला घ्यायची आहे ती दुसरी सवय. उबुंटू किंवा डेबियन नवं कर्नल बसवताना आधीचं लगेच पुसत नाही. नवं चाललं नाही, तर सुरुवातीच्या यादीतून काल चालत होतं ते निवडायचं. विंडोजची रिकव्हरी मात्र एकच प्रत. नवी आली की जुनी गेली. दोन ठेवायला काय हरकत आहे?

समर्थक : हरकत चोराचीच आहे. जुनी प्रत मशीनवर राहिली आणि ती सुरू करता येत असली, तर नवी कितीही पक्की करा, हल्लेखोर जुनी निवडणार. मशीन हातात आल्यावर त्याला कुठे घाई असते? म्हणून सगळी दिशा उलटी चालली आहे. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस नावाचा घुसखोर सापडला. तो मायक्रोसॉफ्टचीच खरी सही असलेले पण त्रुटी असलेले जुने बूट मॅनेजर वापरून सिक्युअर बूटची तपासणी ओलांडत होता. त्यावर उपाय म्हणून त्या जुन्या बूट मॅनेजरांवर बंदी घालायची सोय आली. ती बंदी लागू केलेल्या मशीनवर, आधी बनवलेला इन्स्टॉलेशनचा किंवा रिकव्हरीचा पेनड्राइव्ह सुरू होत नाही.

साशंक : म्हणजे मघाशी ज्याला मी शेवटचा आधार म्हटलं, तोही पेनड्राइव्ह एक दिवस नाकारला जाणार.

समर्थक : नव्याने बनवून ठेवला नाही तर, हो. हे मी लपवत नाही. सुरक्षितता वाढवणारा प्रत्येक निर्णय जुन्या वाटांपैकी एखादी बंद करतो. म्हणून मी लोकांना सांगतो, मशीन चांगलं असताना शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, रिकव्हरीचा पडदा आला की बाणाचं बटण दाबून पाहा, निवड हलते का बघा, आणि परत या. मोठं अपडेट बसल्यावर पुन्हा एकदा. चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते मोबाइलवरून तपासा, चावी मागणाऱ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळतात का पाहा. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

साशंक : कोण करणार? विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत शिरलं, की डिस्क बहुतेक वेळा न विचारता एन्क्रिप्ट होते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना आपली डिस्क एन्क्रिप्ट आहे हे चावी मागणाऱ्या पडद्यावरच पहिल्यांदा कळतं. जे लागलंय हेच माहीत नाही, त्याची कवायत कोणी करायची? हे काम मशीननेच करायला हवं. अपडेट बसलं की मशीनने रिकव्हरीत एकदा आपणहून जाऊन यावं, जोडलेला कीबोर्ड तिथे ओळखला गेला का ते नोंदवावं, आणि ते ठीक निघेपर्यंत जुनी प्रत राहू द्यावी.

समर्थक : ऑक्टोबरचा बिघाड त्याने पकडला गेला असता, हे मान्य. फास्ट बूटचा किंवा बूट प्रोटोकॉल न पाळणाऱ्या कीबोर्डचा घोटाळा नसता पकडला गेला, कारण तो फर्मवेअरच्या हद्दीतला. आणि आज जोडलेला कीबोर्ड संकटाच्या दिवशी तोच असेल याची खात्री नाही. तरी एवढी तपासणी मी स्वीकारीन. पण ‘ठीक निघेपर्यंत’ म्हणजे किती वेळ? तेवढा वेळ त्रुटी असलेली जुनी प्रत मशीनवर जिवंत आहे.

साशंक : घरातल्या टेबलावरच्या डेस्कटॉपला महिनाभर चालेल. लोकलने रोज फिरणाऱ्या लॅपटॉपला एक दिवसही नको असेल. दोघांचा धोका वेगळा आहे, मग नियम एकच का? मालकाला विचारा. एन्क्रिप्शन हवं का, इथपासून विचारा.

समर्थक : विचारलं तर बरेच जण नको म्हणतील, कारण त्या क्षणी ती एक कटकट असते. आणि लॅपटॉपमधली माहिती फक्त मालकाची नसते. सीएच्या मशीनवर अशिलांचे पॅन आणि बँकेचे उतारे असतात, डॉक्टरच्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट. विंडोजचा पासवर्ड कितीही कठीण ठेवा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की एन्क्रिप्शन नसताना सगळं उघडं वाचता येतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवलाय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या नियमांत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे, तो या अशिलांसाठी, पेशंटांसाठी. त्यांना तर कोणीच विचारलेलं नसतं. मालकाने ‘नको’ म्हटलं आणि मशीन चोरीला गेलं, तर भोगतो तो पेशंट.

साशंक : आणि त्याच पेशंटचं ऑपरेशन उद्या सकाळी असतं, जुने रिपोर्ट त्या डिस्कवर असतात, डॉक्टरच्या हातात चावी असते आणि कीबोर्ड मुका असतो. भोगतो तेव्हाही तोच. तुम्ही म्हणता त्याची माहिती चोरापासून वाचली पाहिजे, मी म्हणते त्याच्या डॉक्टरला ती वेळेवर मिळाली पाहिजे. दोन्ही त्याचेच हक्क आहेत आणि एकाच डिस्कवर आहेत. पहिल्यासाठी तुमच्याकडे कायदा आहे, दंड आहे, संशोधकांची फौज आहे. दुसऱ्यासाठी काय आहे ते सांगा.

समर्थक : आज तरी एक पेनड्राइव्ह, एक कागद आणि तुमच्यासारखी कोणीतरी. हे पुरेसं नाही. पण जुनी प्रत ठेवायची मुभा मी अजून देणार नाही. आधी मला कळू द्या, की ती फक्त डॉक्टरलाच उघडेल आणि मशीन उचलून नेणाऱ्याला उघडणार नाही, हे कोण आणि कसं ठरवणार.